मिश्र कोंबडीची मूळ जात कशी ओळखावी

नागपुरात घरामागे चार-सहा कोंबड्या पाळणाऱ्यांना कोंबडीची आई बहुतेक ठाऊक असते. अंडी कुणाच्या खुराड्यातली, ती उबवायला खुडूक कोण बसली होती, सगळं लक्षात असतं. अडतं ते बापापाशी. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांत कोणत्या घरचा कोंबडा शिरला, ते कोण सांगणार? पण तलंग, म्हणजे अंड्यावर येऊ घातलेली तरुण कोंबडी, वयात आली की तिचं अंगच बरंच काही सांगतं.

संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरल्या की एकेक हातात घ्या. अंधार पडल्यावर त्या शांत असतात. टॉर्च जवळ ठेवा. आणि रंगावरून लगेच निकाल देऊ नका. तांबडी पिसं दिसली की ‘ऱ्होड आयलंड रेड’ जातीची म्हणायची घाई होते, पण तो रंग गावठीतही भरपूर आहे.

आधी तुरा बघा. उभा, करवतीसारखा एकेरी तुरा लेगहॉर्न, ऑस्ट्रॉलॉर्प या विलायती जातींना असतो आणि गावठीलाही, त्यामुळे त्यावरून फारसं कळत नाही. तुरा बुटका, डोक्याला चिकटलेला आणि तीन ओळींचा असेल, तर मात्र असील या झुंजीच्या जातीचा विचार करा. जोडीला लांब पाय, ताठ मान, अंगाशी घट्ट पिसं असली तर शंका फारशी उरत नाही.

पांढरं अंग, त्यात तुरळक काळी पिसं, पांढरी कानपाळी आणि कधीच खुडूक न बसणं, हे सगळं एकत्र दिसलं तर लेगहॉर्नचं रक्त आहे असं समजा. यातल्या एकाच खुणेवर विसंबू नका.

पायांचा पिवळा रंग आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. तो तलंग असतानाच बघून ठेवा, कारण अंडी घालू लागली की पाय हळूहळू फिके पडतात.

आता बापाचा शोध. काही गुण कोंबडीला फक्त बापाकडूनच मिळतात. प्रत्येक पिसावर काळे-पांढरे आडवे पट्टे असतील तर ते बापाकडून आले. म्हणजे तो प्लायमाउथ रॉकसारखा पट्ट्यांचा तरी होता, नाहीतर पांढरा. पांढऱ्या लेगहॉर्नच्या पिसांखाली हे पट्टे बरेचदा लपलेले असतात.

काळ्या कातडीच्या कडकनाथ जातीचंही असंच. चोच उघडून जीभ आणि टाळू बघा, मग पोटावरची पिसं फुंकून कातडी बघा. बाप कडकनाथ असेल तर लेकी चांगल्याच काळ्या निघतात. आई कडकनाथ आणि बाप पिवळ्या पायांचा असेल, तर लेकींचा काळेपणा बराच दबतो, अंगावर काळपट झाक तेवढी उरते. म्हणून कातडी काळी नाही एवढ्यावरून कडकनाथ नाहीच असं म्हणू नका.

मान उघडी असेल तर पुढच्या बाजूला पिसांचा झुबका आहे का ते पाहा. झुबका असला तर हा गुण आई-बापांपैकी एकाकडूनच आला. मान पूर्ण उघडी असली तर दोघांकडून. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि कमी पिसांच्या कोंबडीला ते ऊन पुष्कळ सुसह्य होतं. अशी तलंग विकू नका. झुबकेवालीला साध्या कोंबड्याकडून पिल्लं झाली तरी साधारण निम्मी उघड्या मानेची निघतात. पुढच्या उन्हाळ्यासाठी तिचीच अंडी उबवायला ठेवा.