‘मॅक’ म्हणजे नेमके काय, हे कसे ओळखावे

तांत्रिक नोंदीत ‘मॅक’ हे लघुरूप दिसले की बहुतेकांना नेटवर्क कार्डाचा पत्ता आठवतो आणि तिथूनच तपास भरकटतो. दूरच्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडणाऱ्या ओपनएसएसएच या प्रोग्रामची जोडणी तुटताना ‘करप्टेड मॅक ऑन इनपुट’ असा संदेश येतो, तेव्हा त्याचा त्या पत्त्याशी काहीही संबंध नसतो. आलेल्या पॅकेटवरील प्रमाणीकरणाची खूण पडताळणीत जुळली नाही, एवढेच तो सांगतो. म्हणून शोध घेण्याआधी स्वतःला विचारावे, की इथे मॅक हा पत्ता आहे, खूण आहे, नियम आहे की गणिती क्रिया?

पत्ता असेल, तर तो मीडिया ॲक्सेस कंट्रोलचा. तो सहसा 48 बिटांचा असतो आणि दोन-दोनच्या जोड्यांत मांडलेल्या 12 षोडशमान (0 ते 9 आणि A ते F) अंकांवरून लगेच ओळखू येतो. राउटरवरील मॅक फिल्टर, म्हणजे ठरावीक पत्त्यांच्या उपकरणांनाच जोडू देणारी यादी, याच अर्थाचा आहे. मात्र अँड्रॉइड 10 आणि आयओएस 14 पासून फोन वायफायवर सहसा यादृच्छिक पत्ता वापरतात. त्यामुळे फिल्टरमध्ये कार्डाचा मूळ पत्ता न भरता, त्या विशिष्ट नेटवर्कसाठी फोन जो पत्ता दाखवतो तो भरावा.

खूण असेल, तर ती मेसेज ऑथेंटिकेशन कोडची, म्हणजे संदेश आणि दोन्ही पक्षांकडील गुप्त किल्ली यांपासून काढलेली. शा-256 या हॅश पद्धतीवर आधारलेल्या एचमॅक या प्रकारची पूर्ण खूण 64 षोडशमान अंकांची होते, त्यामुळे नुसती लांबी पाहूनही पत्ता आणि खूण यांतला फरक कळतो. एसएसएचच्या सेटिंगमधील ‘मॅक्स’ ही अशा खुणांच्या पद्धतींची यादी आणि टीएलएस या वेबवरील सुरक्षित जोडणीच्या पद्धतीतील ‘बॅड रेकॉर्ड मॅक’ ही सूचना याच कुळातली आहे.

फाइलच्या मालकाने परवानगी दिलेली असूनही प्रणाली एखाद्या प्रोग्रामला अडवत असेल, तर तो मँडेटरी ॲक्सेस कंट्रोलचा, म्हणजे मालकाच्या परवानगीच्या वर लागू होणाऱ्या सक्तीच्या धोरणाचा, नियम असू शकतो. लिनक्सवर एसईलिनक्स किंवा ॲपआर्मर या अशा यंत्रणांच्या नोंदी तपासाव्यात. चिपच्या माहितीपत्रकातला मॅक म्हणजे गुणाकार करून बेरजेत मिळवण्याची क्रिया. अशी एक क्रिया बहुधा दोन गणिती क्रिया म्हणून मोजतात, हे दोन चिपची तुलना करताना ध्यानात ठेवावे.

ॲपलचा मॅक हे लघुरूप नसून 1984 च्या मॅकिंटॉश या नावाचे संक्षिप्त रूप आहे. रोमन लिपीत मोठ्या-लहान अक्षरांमुळे तो वेगळा दिसतो. देवनागरीत ती सोय नाही. त्यातच मॅकओएसमधील सँडबॉक्स, म्हणजे प्रोग्रामला मर्यादेत ठेवणारी व्यवस्था, ट्रस्टेडबीएसडी या प्रकल्पाच्या मॅक (मँडेटरी ॲक्सेस कंट्रोल) चौकटीवर उभा असल्याने संगणक आणि नियम हे दोन्ही अर्थ एकाच परिच्छेदात येऊ शकतात. म्हणूनच मराठीत लिहिताना ‘मॅक’ हा शब्द एकटा सोडू नये, असे माझे ठाम मत आहे: मॅक पत्ता, मॅक खूण, मॅक धोरण, मॅक संगणक असे जोडून लिहावे, आणि पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव द्यावे.

एकाच दस्तऐवजात दोन अर्थ अटळ असतील, तर वायफाय मानकाचा मार्ग उत्तम आहे. तिथे मॅक हे नाव आधीच पत्त्याच्या थरासाठी वापरात होते, म्हणून संदेशाच्या खुणेला मेसेज इंटिग्रिटी कोड, अर्थात ‘मिक’, असे वेगळे नाव दिले गेले. आपणही लघुरूप एकाच अर्थासाठी राखावे आणि दुसरी संज्ञा प्रत्येक वेळी पूर्ण लिहावी.