एकाच मोबाईलवर अख्ख्या वर्गाची चाचणी

झेडपीच्या लेकरांकडं कुठले आलेत मोबाईल, तरी क्विझ घ्यायचीय तर प्लिकर्स हे ॲप वापरून बघा, फुकटच्या खात्यात काम भागतंय. साईटवरून ४० कार्डांचा सेट प्रिंट करून पुठ्ठ्यावर चिकटवा, चकचकीत लॅमिनेशन नको, उजेड पडला की कॅमेरा वाचत नाही. हजेरी नंबरप्रमाणं वाटून टाका.

"मांजरा कोणत्या नदीला मिळते?" विचारलं अन् गोदावरी हा पर्याय 'B' असला तर लेकरू कार्डाची 'B' लिहिलेली बाजू वर धरतंय, तुम्ही ॲपमधून कॅमेरा नुसता वर्गावर फिरवायचा, कुणाचं बरोबर कुणाचं चूक लगेच दिसतंय. प्रत्येक कार्डाची डिझाईन वेगळी, अक्षरं बारीक, त्यामुळं शेजाऱ्याची कॉपी जमतच नाही (आमचे चौथीवाले लई हिरमुसले!). बोटं काळ्या डिझाईनवर येऊ देऊ नका, पहिली-दुसरीला हेच जास्त शिकवावं लागतंय.