पाखाडीपासून आराखडा: कोकणातील सार्वजनिक वास्तू सर्वांसाठी कशी रचावी

किनारपट्टीवरच्या गावात समाजमंदिर, अंगणवाडी, ग्रामपंचायतीचे कार्यालय किंवा मासळी विक्रीचा ओटा बांधायचे ठरले की ते काम बहुधा तालुक्याच्या ठिकाणच्या एखाद्या छोट्या कार्यालयाकडे येते. आमचे कार्यालय असेच तिघांचे आहे. अशा कामात पहिली रेघ ओढण्यापूर्वी काय पाहावे, कोणाला काय विचारावे आणि पाऊस, चढ व खारी हवा यांचा हिशेब कसा मांडावा, हे येथे सांगत आहोत. आमच्या अनुभवात कोकणातील वास्तू सर्वांसाठी खुली आहे की नाही, याचा निकाल दारापाशी पोहोचण्यापूर्वीच लागलेला असतो. तो डांबरी रस्ता संपतो तेथून दारापर्यंत जाणाऱ्या पाखाडीवर, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवर लागतो.

म्हणून जागेची पहिली पाहणी, शक्य असेल तर, जुलै महिन्यात करावी. डिसेंबरात खरखरीत आणि भक्कम वाटणारी जांभ्याची पाखाडी आषाढात शेवाळाने बुळबुळीत होते, आणि कडेचा पऱ्या (पावसाळी ओहोळ) भरून वाहू लागला की खालच्या पायऱ्या पाण्याखाली जातात. ही पाहणी एकट्याने करू नये. गुडघे दुखणाऱ्या एखाद्या आजींबरोबर, डोक्यावर मासळीची पाटी घेऊन चालणाऱ्या बाईबरोबर आणि कुबडी किंवा चाकाची खुर्ची वापरणाऱ्या गावातील व्यक्तीबरोबर, त्यांच्या गतीने, ती वाट पूर्ण चालावी. त्या कोठे थांबतात, कशाचा आधार घेतात आणि कोणत्या ठिकाणाहून परत फिरतात, हे वहीत टिपावे. प्रत्येक पायरीची उंची टेपने मोजावी. जुन्या पाखाडीत एक पायरी चार इंचांची आणि पुढची नऊ इंचांची असते, आणि दृष्टी अधू असलेल्या माणसाला उंच पायरीपेक्षा ही असमान पायरी अधिक घातक ठरते. पाखाडी कामाच्या अंदाजपत्रकात नसेल, तर ती घ्यायला लावावी. नाही तर आत कितीही सोयी केल्या तरी त्या ज्यांच्यासाठी आहेत त्यांना तेथवर पोहोचता येणार नाही.

दुसरे काम सभेचे. ग्रामसभेत ठराव झाला म्हणजे गावाला विचारले, असे समजणे चुकीचे आहे. मासेविक्री करणाऱ्या बायका सकाळी बंदरावरचा लिलाव आटोपून बाजाराकडे निघतात, त्यामुळे अकरा वाजताच्या सभेत त्या कधीच दिसत नाहीत. चाकरमानी गणपतीत आणि शिमग्यात येतात, मोठ्या आवाजात मत देतात आणि परत जातात. वर्षभर ती वास्तू वापरणारी माणसे मात्र त्या गर्दीत गप्प असतात. महाराष्ट्रात ग्रामसभेपूर्वी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आहे. ती कागदापुरती उरकली जाऊ नये यासाठी आपण स्वतः तिला हजर राहावे, आणि शक्यतो शिक्षिका किंवा अंगणवाडी सेविका यांच्याकडे सभेचे सूत्र द्यावे. त्याखेरीज प्रत्येक वाडीत एक बैठक घ्यावी. सभा नेहमी देवळाजवळच्या मोठ्या वाडीत भरत असेल, तर कोणत्या वाडीतील माणसे तेथे मोकळेपणाने बोलत नाहीत किंवा येतच नाहीत, हे गावात चार दिवस राहिल्यावर कळते. सर्व वाड्यांची माणसे संकोचाशिवाय पाऊल ठेवतील अशी जागा निवडणे हा आमच्या मते रचनेतील सर्वांत मोठा निर्णय आहे, आणि तो जागा बक्षीसपत्राने मिळाली म्हणून घाईने उरकू नये. अमेरिकेतील नियोजन-अभ्यासक शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ साली नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या दोन पायऱ्यांवर लोकांच्या सहभागाचा केवळ आभास निर्माण केला जातो. कोरमपुरती भरलेली सभा त्याच पायऱ्यांवर उभी असते.

नकाशा कागदावर दाखवून मत विचारू नये, कारण नकाशा वाचण्याची सवय नसलेला माणूस संकोचाने मान हलवतो. आम्ही जागेवर फक्कीने (चुन्याच्या भुकटीने) पूर्ण आकाराची आखणी करतो. भिंती, दारे, ओटा, शौचालय हे सारे जमिनीवर उमटले की लोक त्यात उभे राहतात, खुर्ची फिरवून पाहतात, आणि मग बोलतात. एका गावात एका आजोबांनी फक्कीच्या दारात उभे राहून, येथून पागोळ्या थेट अंगावर पडतील, असे सांगितले, आणि आम्ही ते दार दीड मीटर सरकवले. कागदावर ही चूक आमच्या लक्षात आली नव्हती.

आता उताराचा मुद्दा, ज्यावर कोकणात सर्वांत जास्त चुका होतात. पावसामुळे येथे जोते उंच ठेवले जाते आणि ते योग्यच आहे. चाकाच्या खुर्चीसाठी उतार १ ला १२ यापेक्षा तीव्र असू नये, म्हणजे जोते दोन फूट असेल तर उतार किमान २४ फूट लांब हवा, शिवाय वर आणि खाली दीड मीटरचा सपाट थांबा. एवढी लांबी पाहून कंत्राटदार उतार अर्ध्यावर आणतो, आणि मग त्याचा उपयोग दुचाकी चढवण्यापुरता उरतो. आमच्याकडून याच्या उलट चूक झाली होती. एका समाजमंदिराला आम्ही मापात बसणारा उतार दिला, पण जागा वाचवण्यासाठी तो मागच्या बाजूला नेला. ज्यांच्यासाठी तो केला होता त्या गृहस्थांनी उद्घाटनाच्या दिवशी, मी मागच्या दाराने येणार नाही, असे शांतपणे सांगितले, आणि ते रस्त्यावरूनच परत गेले. त्यानंतर आम्ही एक नियम पाळतो: सर्वांचे प्रवेशद्वार एकच असावे, आणि उतार हाच मुख्य मार्ग असावा.

हे साधण्याचा या प्रदेशातील उत्तम उपाय म्हणजे पडवी. उतार बाहेर वेगळा जोडण्याऐवजी इमारतीच्या लांब बाजूने पडवीच हळूहळू चढत न्यावी, तिच्यावर मुख्य छपराचेच पाखे पुढे आणावे आणि भिंतीच्या अंगाला बसायचा कट्टा द्यावा. मग तिच्यावरून मुले चढतात, म्हातारी माणसे मध्येच टेकतात, आणि खुर्चीवरून येणारा माणूस सगळ्यांच्या सोबतीने आत येतो. जागा डोंगरउताराची असेल तर प्रवेश वरच्या अंगाने घेतल्यास जोत्याचा फरक बराच कमी होतो, फक्त वरून येणारे पाणी गटाराने आधीच वळवावे लागते. वळचण उताराच्या कडेच्या बऱ्यापैकी बाहेर असावी, कारण झड तिरकी येते. पृष्ठभागाला गुळगुळीत फरशी अजिबात लावू नये. कोबा करून तो ओला असतानाच खराट्याने आडव्या रेघा ओढाव्यात. कठडा दोन्ही बाजूंनी, साधारण ७६० आणि ९०० मिलिमीटर अशा दोन उंचींवर द्यावा. खाऱ्या हवेत साधे लोखंड लवकर गंजते आणि त्याच्या पापुद्र्यांनी हात कापतो. म्हणून हात ठेवण्याचा भाग आम्ही किंजळ किंवा सागवानाचा करतो, आणि तो उन्हात तापतही नाही.

छपराचा निर्णय केवळ खर्चावर घेऊ नये. पत्र्याच्या छपराखाली मुसळधार पावसात शेजारच्याचे बोलणेही ऐकू येत नाही. ज्याला कमी ऐकू येते तो माणूस पावसाळ्याचे चार महिने सभेतून बाद होतो. कौलांचा आवाज बराच कमी असतो. पत्रा घ्यावाच लागला तर खाली लाकडी किंवा अन्य छत घालावे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा पत्रे आणि कौले दोन्ही उडाली आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आले. अशा रात्री गाव ज्या सार्वजनिक वास्तूत आसरा घेते, तेथे दारापासून शौचालयापर्यंत अखंड कठडा असला, तर दिवे नसतानाही हाताच्या स्पर्शाने जाता येते. दृष्टिहीन व्यक्तीला हीच सोय रोज लागते. चिऱ्याच्या लाल भिंतीत दाराची चौकट पांढऱ्या रंगाची केली तर अंधूक दिसणाऱ्यालाही दार सापडते, आणि त्यासाठी वेगळा खर्च येत नाही.

शौचालयाबाबत थोडक्यात: दार ९०० मिलिमीटर मोकळे व बाहेर उघडणारे असावे, आत खुर्ची वळण्याइतकी, १५०० मिलिमीटर व्यासाची जागा असावी, कमोडशेजारी पक्के आधारदांडे असावेत. नळाच्या सोयीसाठी शौचालय एक पायरी वर घेण्याची गवंड्यांची सवय असते. काम सुरू असताना त्या दिवशी जागेवर हजर राहून ती थांबवावी, कारण त्या एका पायरीने बाकीचे सारे वाया जाते.

कागदपत्रांत दोन गोष्टी विसरू नयेत. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतची जमीन आणि खाडीकाठचा पट्टा किनारी नियमन क्षेत्राच्या नियमांखाली येतो, म्हणून जागा नक्की करण्यापूर्वीच तपासणी करावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम ४४ नुसार सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या इमारतीच्या आराखड्याला परवानगी देता येत नाही, आणि ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे नियम केवळ शिफारसवजा न राहता बंधनकारक असावेत, असे स्पष्ट केले. खर्च वाढतो म्हणून उतार वगळण्याचा आग्रह झाला, तर हे कलम समोर ठेवावे. त्याचबरोबर ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो, याची आठवण ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) करून द्यावी. कठडा किंवा आधारदांडे यांसारख्या लहान कामांसाठी त्यातून काही करता येईल का, हे तेथेच विचारावे.

आपल्या मानधनात गावभेटी वेगळ्या लिहून घ्याव्यात. छोटे कार्यालय टक्केवारीवर काम घेते, आणि वाडीवार बैठका, फक्कीची आखणी, पावसाळी पाहणी यांचा वेळ त्यात कधीच धरलेला नसतो; मग नाइलाजाने याच गोष्टी गाळल्या जातात. आम्ही किमान सहा भेटींचा उल्लेख करारात करतो आणि शेवटची भेट पहिला पावसाळा संपल्यानंतरची ठेवतो.

वास्तू ताब्यात देताना मराठीत एक पानाचा तक्ता भिंतीवर लावावा: आगोटीच्या वेळी, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, कौले सारखी करणे, पाखाडी व उतारावरचे शेवाळ घासणे, वळचणीखालचे गटार मोकळे करणे, कठड्याला तेल लावणे, आणि यांतील प्रत्येक कामासमोर जबाबदार वाडीचे नाव. शेवटच्या भेटीत उताराच्या पायथ्याशी पाणी साचल्याची खूण आहे का, कठडा कोठे हलतो आणि पडवीत सामान तर रचून ठेवलेले नाही ना, हे पाहावे. मग गावातील कोण अजूनही तेथे येत नाही, हे विचारून त्यांच्या घरी जावे, आणि त्यांच्या उंबऱ्यापासून टेप घेऊन वाट पुन्हा मोजावी.