सीझर सम्राट नव्हता: प्राचीन रोमवर लिहिताना या चुका टाळा

रोमवरचं मराठी लिखाण मी बरीच वर्षं आवडीने वाचतो, कुणी मागितलं तर छापण्याआधी तपासूनही देतो. लेखकाने वाचन केलेलं असतं, सनावळ्याही बहुतेक बरोबर असतात. घोटाळा होतो तो ती माहिती सांगायला उचललेल्या मराठी शब्दामुळे. सिनेटला ‘संसद’ म्हटलं, गुलामाला ‘नोकर’ म्हटलं, प्लेबियनला ‘शूद्र’ म्हटलं की वाचकासमोर रोम उभं राहतच नाही, त्याच्या ओळखीचंच काहीतरी उभं राहतं. म्हणून पुढच्या बहुतेक चुका शब्दांच्या आहेत, आणि त्या सुधारणं फार अवघड नाही.

ज्युलियस हे पाळण्यातलं नाव नाही

आपल्याकडे पूर्ण नावात स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असतं. रोमन पुरुषाचं नावही बऱ्याचदा तीन शब्दांचं, त्यामुळे आपण ते आपल्याच सवयीने वाचतो. गायस ज्युलियस सीझर या नावातलं पाळण्यातलं नाव गायस. ज्युलियस हे कुळाचं नाव आणि सीझर हे त्या कुळातल्या एका शाखेचं. त्याच्या वडिलांचंही नाव गायस ज्युलियस सीझर हेच होतं, कारण पाळण्यातली नावं मोजकीच असत आणि तीच घरात फिरत.

शाखेचं नाव अनेकदा एखाद्या पूर्वजाच्या टोपणनावावरून पडलेलं असे. प्रसिद्ध वक्ता आणि राजकारणी सिसेरो याच्या नावाच्या मुळाशी हरभरा आहे. त्याच्या कुणा पूर्वजाच्या नाकाच्या शेंड्यावर हरभऱ्यासारखी खाच होती, असं ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो.

खरी पंचाईत मुलींच्या नावांत होते. मुलीला साधारणपणे कुळाच्याच नावाचं स्त्रीलिंगी रूप मिळे. मार्कस तुलियस सिसेरोची मुलगी तुलिया. सीझरची आत्या ज्युलिया, दोघी बहिणी ज्युलिया आणि मुलगीही ज्युलिया. आत्या सेनापती मारियसची बायको, मुलगी सेनापती पॉम्पेची. एका लेखात या दोघींना एकच बाई समजून तिचा मारियसशी आणि नंतर पॉम्पेशी विवाह लावलेला मी पाहिला आहे. तेव्हा रोमन स्त्रीचं नाव आलं की ती कुणाची कोण, हे त्याच वाक्यात लिहून टाका.

राजा, हुकूमशहा, सम्राट

‘रोमन सम्राट ज्युलियस सीझर’ ही सगळ्यात जास्त वेळा छापली जाणारी चूक. रोमच्या परंपरेनुसार शेवटचा राजा इ.स.पू. ५०९ मध्ये हाकलला गेला आणि तेव्हापासून ‘रेक्स’, म्हणजे राजा, हा शब्द राजकारणात जवळजवळ शिवीसारखा झाला. सत्ता दोन कॉन्सुलांकडे, तीही एकाच वर्षासाठी, आणि एकाचा निर्णय दुसरा अडवू शके. मोठं संकट आलं तर जास्तीत जास्त सहा महिन्यांसाठी एक ‘डिक्टेटर’ नेमत. ही कायद्याने ठरलेली, मुदतीची नेमणूक होती. तिला ‘हुकूमशहा’ म्हटलं की वाचकाच्या मनात विसावं शतक येतं आणि सीझरने नेमकं काय मोडलं ते त्याला कळतच नाही. इ.स.पू. ४४ मध्ये सीझर तहहयात डिक्टेटर झाला. सहा महिन्यांची मुदत त्याने आयुष्यभराची केली. मारेकरी बिथरले ते यामुळे. त्याच वर्षी १५ मार्चला त्याचा खून झाला. तोही फोरम या मुख्य चौकातल्या सिनेटच्या इमारतीत नाही, तर पॉम्पेच्या नाट्यगृहाला जोडलेल्या सभागृहात, कारण सिनेटची बैठक त्या दिवशी तिथे भरली होती.

पहिला सम्राट म्हणून आपण ज्याला ओळखतो तो ऑगस्टस, इ.स.पू. २७ पासून. पण लिहिताना इथेही जरा थांबावं. त्याने स्वतःला राजा म्हणवलं नाही, ‘प्रिन्सेप्स’ म्हणजे पहिला नागरिक म्हणवलं. कॉन्सुल निवडले जात राहिले, सिनेट बसत राहिली. प्रजासत्ताकाची चौकट तशीच ठेवून आतली सत्ता एका माणसाकडे गेली. ‘ऑगस्टसने प्रजासत्ताक बरखास्त केलं’ असं वाक्य लिहिलंत तर त्याच्या राजकारणातलं सगळं कसब एका शब्दात पुसलं जातं.

सिनेट ही संसद नव्हे. सदस्य मतदारसंघातून निवडून येत नसत. वरिष्ठ पदं भूषवलेले लोक तिथे बसत, आणि एकदा आत गेले की बहुधा जन्मभर. प्रजासत्ताकाच्या काळात सिनेट कायदे करत नसे, सल्ला देई. त्या सल्ल्याचं वजन मात्र इतकं होतं की खजिना आणि परराष्ट्र व्यवहार व्यवहारात तिच्याच हाती होते. कायदे मंजूर होत नागरिकांच्या सभांमध्ये, आणि तिथे एका माणसाचं एक मत मोजलं जाईल अशी अपेक्षा ठेवू नका. मतं गटागटाने मोजली जात. कॉन्सुल निवडणाऱ्या सभेत जुन्या रचनेनुसार १९३ गट होते. त्यातले १८ घोडदळाचे आणि ८० सर्वांत श्रीमंत वर्गाचे. दोन्ही मिळून ९८, म्हणजे बहुमत. त्यांचं एकमत झालं की मतमोजणी तिथेच थांबे आणि गरिबांच्या गटांना बोलावण्याची वेळच येत नसे. पुढे आकडे काहीसे बदलले, श्रीमंतांचा वरचष्मा राहिला. ‘रोममध्ये लोकशाही होती’ या वाक्यापाशी हा हिशोब दिला तर वाचक स्वतःच ठरवेल.

पॅट्रिशियन म्हणजे ब्राह्मण नव्हेत

ही चूक फक्त आपल्याकडेच होऊ शकते, म्हणून तिच्यावर थोडं जास्त. पॅट्रिशियन आणि प्लेबियन हा जन्माने ठरणारा भेद होता, एवढ्यावरून वर्णव्यवस्थेची तुलना सुचते. पण प्लेबियन म्हणजे गरीब नव्हेत, आणि ते अस्पृश्य किंवा सेवेकरीही नव्हेत. मूठभर पॅट्रिशियन, म्हणजे जुनी उमराव घराणी सोडली तर उरलेले सगळे नागरिक प्लेबियन. रोममधल्या सर्वांत धनाढ्य माणसांपैकी एक असलेला क्रॅसस प्लेबियन होता, पॉम्पे प्लेबियन होता, सिसेरोही. इ.स.पू. ३६७ च्या कायद्याने कॉन्सुलपद प्लेबियनांना खुलं झालं आणि इ.स.पू. २८७ पासून त्यांच्या सभेचे ठराव सर्व नागरिकांवर बंधनकारक झाले. सीझरच्या काळापर्यंत खरी दरी श्रीमंत आणि गरीब यांच्यात होती, पॅट्रिशियन आणि प्लेबियन यांच्यात नव्हे. त्यामुळे इ.स.पू. पाचव्या शतकातला संघर्ष उचलून पहिल्या शतकातल्या रोमवर चिकटवू नका.

याच सवयीतून रोमन पुरोहितांची एक वेगळी जात कल्पिली जाते. पुरोहितपद हे बहुतेक वेळा राजकारण्यांच्याच कारकिर्दीचा भाग होतं. सीझर इ.स.पू. ६३ मध्ये निवडणूक जिंकून मुख्य पुरोहित, म्हणजे पोंटिफेक्स मॅक्सिमस झाला, आणि त्या पदावर असतानाच गॉलमध्ये (साधारण आजचा फ्रान्स) वर्षानुवर्षं लढाया करत होता.

गुलामाला गुलामच म्हणा

‘श्रीमंतांच्या घरी नोकरचाकर असत’ हे वाक्य कृपया लिहू नका. ती विकत घेतलेली माणसं होती. युद्धकैदी, चाच्यांनी पकडलेले, गुलाम आईच्या पोटी जन्मलेले, टाकून दिलेली आणि कुणीतरी उचलून वाढवलेली मुलं. त्वचेच्या रंगावरून गुलामी ठरत नसे, त्यामुळे अमेरिकेतल्या गुलामगिरीचं चित्रही इथे बसत नाही. शिक्षक, हिशेबनीस, वैद्य, खाणीत मरणारा मजूर, हे सगळे गुलाम असू शकत.

मुक्ती मिळण्याची वाट होती. नागरिक मालकाने रीतसर मुक्त केलेला गुलाम स्वतः नागरिक होई. सिसेरोचा लेखनिक टिरो असाच मुक्त झाला, कवी होरेसचे वडील गुलामगिरीतून सुटलेले होते. पण एवढंच सांगून थांबणारे लेख वाचले की मला त्रास होतो. इ.स. ६१ मध्ये पेडानियस सेकुंडस या रोमच्या नगरप्रमुखाचा त्याच्या एका गुलामाने खून केला. जुन्या रिवाजाप्रमाणे घरातल्या सगळ्या गुलामांना मृत्युदंड. ते चारशे होते, बायका आणि मुलं धरून. लोक रस्त्यावर उतरून विरोध करू लागले, सिनेटमध्ये चर्चा झाली, आणि तरीही सम्राट नीरोने रस्त्याच्या दुतर्फा सैनिक उभे करून शिक्षा अमलात आणली. रोमन इतिहासकार टॅसिटसने ही हकीकत नोंदवली आहे. टिरोची गोष्ट सांगाल तिथे हीसुद्धा सांगा.

सगळेच टोगा घालून अंगणात बसलेले नसत

चित्रांत प्रत्येक रोमन माणूस टोगा गुंडाळलेला असतो. टोगा म्हणजे पाच-सहा मीटर लांबीचं लोकरीचं जड वस्त्र, फक्त नागरिकाला परवानगी असलेलं, आणि उन्हाळ्यात नकोसं. कामाला, बाजाराला लोक साधा ट्यूनिक, म्हणजे अंगरखा घालत. फोरममध्ये तरी नागरिकांनी टोगा घालून यावं, असा आग्रह ऑगस्टसला धरावा लागला होता. लोक तेव्हाच तो टाळू लागले होते, हे यातून दिसतं.

घराचं तसंच. मधोमध चौक, पाण्याचं कुंड, भिंतींवर रंगीत चित्रं, हे पाँपेईतल्या पैसेवाल्यांचं घर. पाँपेई हे इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं एक मध्यम आकाराचं गाव होतं. राजधानीतली बहुसंख्य माणसं ‘इन्सुला’ नावाच्या बहुमजली इमारतींत भाड्याने राहत. तळमजल्यावर दुकानं, वर खोल्या. आज आपल्याकडे वरचा मजला महाग असतो, तिथे उलट होतं. जितकं वर तितकं स्वस्त, कारण पाणी जिन्याने वाहून न्यायचं आणि आग लागली तर सगळ्यात शेवटी खाली पोहोचायचं. इमारती कोसळतही. ऑगस्टसने उंचीवर ७० रोमन फुटांची मर्यादा घातली, म्हणजे जेमतेम २१ मीटर. वरच्या खोल्यांत नीट स्वयंपाकघर क्वचितच असे, त्यामुळे गरीब माणूस गरम जेवण रस्त्यावरच्या खानावळीत घेई. लोडाला टेकून, पहुडून जेवणं ही श्रीमंतांची मेजवानीची पद्धत.

आणि त्या मेजवानीत टोमॅटो, बटाटा, मका, मिरची वाढू नका. हे सगळं अमेरिकेतून आलं, कोलंबसनंतर. रोमनांकडे तिखटाला काळी मिरी होती, तीही मलबारची. इ.स. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये मिरी आणि मसाल्यांची खास कोठारं बांधली गेली.

वेळ आणि सन

रोमन मजकुरात ‘तिसरा तास’ आला की त्याला तीन वाजता असं भाषांतरित करू नका. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे बारा समान भाग करत, त्यामुळे तास ऋतूप्रमाणे लांबे-आखडे. रोममध्ये ऐन उन्हाळ्यात तो आपल्या ७५ मिनिटांचा, ऐन हिवाळ्यात ४५ मिनिटांचा. तिसरा तास म्हणजे सकाळचा मध्य, सहावा संपला की दुपार.

‘सीझर आणि ऑगस्टस यांनी जुलै, ऑगस्ट हे दोन महिने वाढवले’ हा निरोप दरवर्षी मोबाइलवर फिरतो. त्यांनी महिने वाढवले नाहीत, त्यांच्या सन्मानार्थ क्विंटिलिस आणि सेक्स्टिलिस या जुन्या महिन्यांची नावं बदलली. वाढले होते जानेवारी आणि फेब्रुवारी, तेही शतकानुशतकं आधी. सप्टेंबर ते डिसेंबर या नावांत सात, आठ, नऊ, दहा ऐकू येतात कारण वर्ष पूर्वी मार्चपासून सुरू होई. सप्त, अष्ट, नव, दश यांच्याशी ते शब्द जुळतात, कारण लॅटिन आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या. त्यावरून रोमनांनी ही नावं भारतातून नेली असं म्हणणं म्हणजे दोन बहिणींतल्या एकीला दुसरीची आई ठरवणं.

वय काढताना आणखी एक फसगत होते. ऑगस्टसचा जन्म इ.स.पू. ६३, मृत्यू इ.स. १४. बेरीज ७७. पण शून्य साल नाही, म्हणून एक वजा, ७६. शिवाय जन्म सप्टेंबरचा आणि मृत्यू ऑगस्टचा, म्हणजे वय भरलेलं ७५.

झटपट दुरुस्त होणाऱ्या काही

नीरो रोम जळताना फिडल वाजवत नव्हता. ते वाद्यच तेव्हा नव्हतं, आणि इ.स. ६४ ची आग लागली तेव्हा तो रोमबाहेर, समुद्रकाठच्या अँटियम गावी होता. ‘व्होमिटोरियम’ ही ओकण्याची खोली नव्हे, प्रेक्षागृहातून गर्दी बाहेर पडण्याची वाट. अंगठा खाली म्हणजे मृत्यू, ही कल्पना मुख्यतः फ्रेंच चित्रकार जेरोमच्या १८७२ च्या चित्रामुळे पसरली. लॅटिनमध्ये अंगठा ‘वळवल्याचा’ उल्लेख आहे, कुठल्या दिशेला ते स्पष्ट नाही. प्रत्येक झुंजीत एक ग्लॅडिएटर मरत नसे, कारण शिकवून तयार केलेला माणूस मालकाला महाग पडे. सैनिकाला पगार मिठात नव्हे, नाण्यांत मिळे.

रोम आणि आपण

रोमन पैसे रुपयांत बदलून सांगण्याचा मोह आवरा, त्यातून काहीच कळत नाही. भारताशी होणाऱ्या व्यापारात दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणं) जातात, अशी रोमन लेखक थोरल्या प्लिनीची तक्रार आहे. त्या काळी साध्या लीजन-सैनिकाला वर्षाला ९०० सेस्टर्स मिळत. भागाकार करा. सुमारे ५५ हजार सैनिकांचा वर्षाचा पगार होतो. चैनीवर चिडलेल्या माणसाने दिलेला हा आकडा आहे, हेही सोबत लिहा.

कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची सुबक मूर्ती मिळाली. ती टाउन हॉल संग्रहालयात आहे, जमलं तर जाऊन बघाच. पण तिच्यावरून ‘कोल्हापुरात रोमन वसाहत होती’ असं लिहू नका. वस्तू इजिप्त, तांबडा समुद्र आणि आपली बंदरं असा प्रवास करत, हातोहात येत. माणसं सोबत आलीच असतील असं नाही. कार्ल्याच्या लेण्यांत दान देणाऱ्या ‘यवनां’चं तर त्याहून जपून. यवन हा शब्द मुळात आयोनियन ग्रीकांवरून आला आणि पुढे पश्चिमेकडच्या परक्यांसाठी सैलपणे वापरला गेला. कार्ल्यातले हे यवन स्वतःला धेनुकाकटचे रहिवासी म्हणवतात, बौद्ध संघाला खांब दान देतात आणि त्यांच्यातल्या काहींची नावं इथल्याच वळणाची आहेत. त्यांना ‘रोमन व्यापारी’ असं बेधडक छापण्याऐवजी शिलालेखातला ‘यवन’ हाच शब्द ठेवा आणि त्याचा अर्थ शेजारी सांगा.