अंदमानचा शेवटचा दिवस: धावपळ न करता कसा घालवायचा

आधी एक सांगते, सकाळच्या फेरीने हॅवलॉक बेटावरून पोर्ट ब्लेअरला या आणि लगेच दुपारचं विमान पकडा असं कोणी आखून दिलं असेल तर सरळ नाही म्हणा. समुद्र खवळला की फेरी लेट होते नाहीतर रद्दच होते, विमान काय आपल्यासाठी थांबणार नाही. आमची फेरी दोन तास लेट, नवरा सारखा घड्याळ बघतोय, सासूबाईंची रामरक्षा चालू, कसंबसं पोचलो! तेव्हापासून आदल्या दुपारीच पोर्ट ब्लेअरला येऊन राहायचं हे ठरलेलं. (नाव आता श्री विजयपुरम झालंय, पण तोंडात जुनंच बसलंय.)

हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावरचा सूर्यास्त त्याच्याही आदल्या संध्याकाळी उरकून घ्या, आणि चारलाच तिथे पोचा. घड्याळ मुंबईचंच असलं तरी बेटं इतकी पूर्वेला आहेत की डिसेंबरात पाचच्या सुमारासच सूर्य बुडतो.

स्कुबा पहिल्या दिवसांतच करायचं, शेवटासाठी ठेवायचं नाही. एकापेक्षा जास्त डाइव्ह केल्या असतील तर विमानाआधी निदान 18 तास जाऊ द्यावे लागतात, शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे वर गेल्यावर बुडबुडे होतात म्हणून.

मग शेवटच्या सकाळी काय? चेकआउट करून सामान हॉटेलातच ठेवा आणि सेल्युलर जेल उघडता उघडता गाठा. ग्रुप आले की सावरकरांच्या कोठडीबाहेर फोटोंची रांग लागते, त्याआधी दोन मिनिटं आत नुसतं उभं राहा. 1911 मध्ये त्यांना इथे आणलं होतं, त्यांचे थोरले भाऊ बाबाराव आधीपासून याच जेलमध्ये होते. सातातले तीनच विंग आता उरलेत. मुलांना कोलू (कैद्यांना जुंपायचे तो तेलाचा घाणा) दाखवा, बाकी पाट्या वाचत बसलात तर तास कुठे गेला कळणार नाही.

खरेदी सागारिका या सरकारी दुकानातून, म्हणजे शिंपल्याच्या वस्तूंचं बिल मिळतं, ते हँडबॅगेतच ठेवा. किनाऱ्यावरून उचललेलं प्रवाळ मात्र मुलांच्या खिशातूनसुद्धा काढून टाका, वन्यजीव कायद्याखाली ते बंदच आहे आणि एअरपोर्टवर बॅगा तपासतात. ओले स्विमसूट वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, चपला बाहेरच झटका, नाहीतर घरी महिनाभर वाळू झाडत बसाल. एअरपोर्ट गावालगतच आहे, त्यामुळे निघताना एक शहाळं प्यायला वेळ मिळतोच.