लिनक्स दुसऱ्या पार्टिशनवर हलवताय? या चुका टाळा

ड्युअल बूट करताना, म्हणजे एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवताना, लिनक्सला नेहमी हात आखडून जागा दिली जाते. २५-३० जीबीत भागेल असं वाटतं, आणि मग एक दिवस रूट पार्टिशन (सिस्टिम जिथे असते तो डिस्कचा भाग) भरून अपडेटसुद्धा होईनासं होतं. किंवा नवी एसएसडी येते आणि जुनी हार्ड डिस्क नकोशी होते. मग लोक सिस्टिम हलवायला बसतात आणि त्याच त्या खड्ड्यांत पडतात. फाइली कॉपी करणं हा यातला सोपा भाग. जुन्या पार्टिशनचा यूयूआयडी (त्याचा ओळख क्रमांक) सिस्टिमने तीन-चार ठिकाणी लिहून ठेवलेला असतो, आणि लोक त्यातल्या एकाच ठिकाणी बदल करून मोकळे होतात.

डीडीने नक्कल मारून दोन्ही पार्टिशन तशीच ठेवणं

माझ्या डोक्यात जाणारी चूक ही. डीडी ही नक्कल करणारी कमांड ब्लॉक-न्-ब्लॉक उचलते, त्यात यूयूआयडीही आला. आता मशीनमध्ये एकाच ओळखीची दोन पार्टिशन. ग्रब (मशीन सुरू होताना सिस्टिम चालू करणारा बूटलोडर) आणि एफएसटॅब (कोणतं पार्टिशन कुठे माउंट करायचं, म्हणजे जोडायचं, त्याची यादी) यांच्या नोंदी यूयूआयडीच्याच भरवशावर असतात. दोघांपैकी कोण सापडेल याची खात्री नाही. एररही येत नाही, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही.

एका सहकाऱ्याने हेच केलं. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर डीडी, रीबूट, लॉगिन झालं, स्वारी खूश. 'म्हणावा तसा वेग वाढला नाही' एवढीच कुरकुर. काही आठवड्यांनी अपडेटनंतर वाय-फाय गायब. पठ्ठ्याने ड्रायव्हर पुन्हा टाकला, राउटर बदलून पाहिला, शेवटी मशीन माझ्याकडे आणलं. मी फाइंडएमएनटी (काय कुठे माउंट आहे ते सांगणारी कमांड) चालवलं, तर रूट होतं एसडीए५, म्हणजे जुनी हार्ड डिस्कच. यूनेम कमांडने चालू कर्नलची (सिस्टिमच्या गाभ्याची) आवृत्ती सांगितली, आणि त्या आवृत्तीचं फोल्डर मॉड्यूल्सच्या (कर्नलच्या ड्रायव्हरसारख्या सुट्या भागांच्या) डिरेक्टरीत नव्हतंच. ग्रब कर्नल उचलत होतं एसएसडीवरून आणि रूट माउंट होत होतं हार्ड डिस्कवरून. अपडेट हार्ड डिस्कवर होत होते, तिथले जुने कर्नल मॉड्यूल्ससकट साफ होत होते, आणि एसएसडीवरचा शिळा कर्नल मॉड्यूल्सविना चालू होत होता. वाय-फायचा ड्रायव्हर येणार कुठून? मशीन देताना वर विचारतोय, 'जुनं पार्टिशन आता उडवू ना?' त्याचं मधल्या सगळ्या आठवड्यांचं काम त्याच पार्टिशनवर होतं.

डीडी मारलंच असेल तर लाइव्ह यूएसबीवरून (पेन ड्राइव्हवरून थेट चालणारं लिनक्स), पार्टिशन माउंट नसताना, आधी ई२एफएससीकेने तपासणी करा आणि मग ट्यून२एफएसने नव्या प्रतीला रँडम यूयूआयडी द्या. फाइल सिस्टिम जुन्याच आकाराची राहते, तीही रिसाइझ२एफएसने ताणावी लागते. हे एक्स्ट४ या फाइल सिस्टिमपुरतं. बीटीआरएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिमवर एकाच यूयूआयडीच्या दोन प्रती कर्नलसमोर येऊच देऊ नका, डेटा जाऊ शकतो. मी डीडीच्या वाटेला जातच नाही. नवं पार्टिशन कोरं फॉरमॅट करतो आणि आरसिंक ही फाइली कॉपी करणारी कमांड लावतो.

साध्या कॉपी-पेस्टने रूट हलवणं

फाइल मॅनेजरमधून ओढलेल्या रूटमध्ये मालकी आणि सेटयूआयडी बिट (प्रोग्रॅम त्याच्या मालकाच्या हक्काने चालू देणारी खूण) उडतात. मग सुडो (ॲडमिनच्या हक्काने कमांड चालवणारं साधन) काम करायला नकार देतं आणि लोक सुडोला शिव्या घालतात. आरसिंकला आर्काइव्हसोबत एसीएल (जादा परवानग्या), एक्स्टेंडेड ॲट्रिब्यूट आणि हार्ड लिंक जपायचे पर्यायही द्या. आणि चालू सिस्टिमची कॉपी नको, लाइव्ह यूएसबीवरूनच करा.

फक्त एफएसटॅब बदलून रीबूट

घाई असलेल्यांची ही लाडकी चूक. एफएसटॅबनंतर नव्या रूटमध्ये सीएचरूट करून (त्यालाच चालू सिस्टिम मानून आत शिरून) ग्रब पुन्हा टाकावं लागतं आणि त्याची कॉन्फिग नव्याने बनवावी लागते. सीएचरूटच्या आधी डेव्ह, प्रॉक, सिस ही कर्नलची फोल्डर बाइंड माउंट करा (तिथेही दिसतील अशी जोडा), नाहीतर ग्रब 'रूटचं डिव्हाइस सापडत नाही, डेव्ह माउंट आहे का?' असं विचारतं. प्रश्नातच उत्तर आहे, तरी लोक त्याचा स्क्रीनशॉट काढून पाठवतात. यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेलं फर्मवेअर) मशीनवर बूटच्या फाइलींचं ईएफआय पार्टिशनही बूटखाली माउंट हवं. उबंटू आणि डेबियनमध्ये तिथे दोन-तीन ओळींची छोटी ग्रब कॉन्फिग असते, तिच्यात जुन्याच रूटचा यूयूआयडी असतो. ती राहिली की जुनं पार्टिशन असेपर्यंत सगळं सुरळीत, ते पुसलं की काळ्या पडद्यावर ग्रबचा प्रॉम्प्ट. स्वॅपही (रॅमला पूरक म्हणून डिस्कवर ठेवलेली जागा) नवं केलं असेल तर इनिटरॅमएफएसमधली (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी फाइल सिस्टिम) रिझ्यूमची, म्हणजे हायबरनेशनमधून परतायची, नोंद बदला. ती राहिली की बूट उगाच अडून बसतं.

एका बटणात सगळं दुरुस्त करणारी साधनं आहेत, चालतातही. पण त्यांनी काय बदललं हे वाचायचा कंटाळा असेल तर पुढच्या वेळी पुन्हा तेच बटण शोधावं लागेल.

विंडोजला गृहीत धरणं

फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन म्हणजे अर्धवट हायबरनेशन असतं. अशा अवस्थेत विंडोजचं एनटीएफएस पार्टिशन सरकवू किंवा छोटं करू नका. आधी ते बंद करून पूर्ण शटडाउन. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) असेल तर तो आधी सस्पेंड करा आणि ४८ अंकी रिकव्हरी की त्याच मशीनबाहेर ठेवा. बूटमध्ये फेरफार दिसला की तो ती मागू शकतो.

त्याच रात्री जुनं पार्टिशन पुसणं

इतकी कसली घाई असते, देव जाणे. मी जुन्या प्रतीला आधी वेगळं लेबल देतो, डिस्क वेगळी असेल तर मशीन बंद करून तिची केबल काढतो आणि तसंच बूट करून बघतो. एक-दोन कर्नल अपडेट सुखरूप पार पडले की मगच फॉरमॅट. जागा लागतेय म्हणून तळमळणाऱ्यांनी तोवर डाउनलोड्सचं फोल्डर साफ करावं.

सगळं नीट झालं पण ग्रबच्या मेनूतून विंडोज गायब? विंडोज उडालेलं नाही. ग्रब २.०६ पासून ओएस-प्रोबर (डिस्कवरच्या इतर सिस्टिम शोधणारा प्रोग्रॅम) मुळातच बंद असतो. ग्रबच्या डिफॉल्ट फाइलमध्ये ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबरची किंमत फॉल्स करा, ओएस-प्रोबर पॅकेज टाकलेलं आहे ना ते बघा आणि कॉन्फिग पुन्हा बनवा. ते होईपर्यंत यूईएफआयच्या बूट मेनूतून विंडोज थेट उघडतं.