दोन टेस्ट ट्यूबमध्ये फॉस्फेटचा पेच

बी.एस्सी.ला ज्यांनी मिक्स्चर (मिश्रणात कोणते क्षार आहेत ते ओळखण्याचं प्रॅक्टिकल) केलंय, त्यांना 'फॉस्फेट एलिमिनेशन', म्हणजे आधी फॉस्फेट काढून टाकणं, म्हटलं की आजही घाम फुटतो. मिक्स्चरमध्ये फॉस्फेट असलं की तिसऱ्या ग्रुपला, म्हणजे तपासणीच्या तिसऱ्या टप्प्याला, अमोनिया घालायचा अवकाश, कॅल्शियम, बेरियम, मॅग्नेशियम सगळे अवेळीच खाली बसतात. एकवीस वर्षं मी पोरांकडून हे एलिमिनेशन करून घेतलं. मग कधीतरी वाचलं की जीवसृष्टीच्या सुरुवातीलाही नेमकी हीच भानगड आहे, आणि लॅबमध्ये एकटीच हसले.

डीएनएचा कणा फॉस्फेटचा, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीतही फॉस्फेटच. रसायनशास्त्रज्ञ वेस्टहायमर यांनी १९८७ साली कारण नेमकं मांडलं होतं: फॉस्फेट दोन रेणूंना जोडतं आणि वर एक ऋण प्रभार राखून ठेवतं. त्यामुळे पाणी ती साखळी सहजासहजी तोडू शकत नाही आणि रेणू पेशीच्या पडद्यातून निसटत नाही. सगळं छान, पण जिथं कॅल्शियम आहे तिथं फॉस्फेट पाण्यात टिकतंय कशाला! त्याचं अॅपेटाइट होतं, म्हणजे आपल्या दातांतलं खनिज. अॅडिसन गुलिक यांनी १९५५ सालीच हा प्रश्न विचारला होता. पेच आणि त्याची एक सोडवणूक, दोन्ही एका तासात दाखवता येतात.

तयारी अशी. कॅल्शियम क्लोराइड (डायहायड्रेट) १.४७ ग्रॅम, डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट (निर्जल) ०.२८ ग्रॅम आणि सोडियम कार्बोनेट (निर्जल) १०.६ ग्रॅम, प्रत्येकाचं वेगळं १०० मिली द्रावण. पाणी डिस्टिल्डच घ्या, बोअरच्या पाण्यात आधीच कॅल्शियम असतं. शिवाय डायल्यूट अमोनिया, कॉन्सन्ट्रेटेड नायट्रिक अॅसिड आणि अमोनियम मॉलिब्डेट (अॅसिडमध्ये फॉस्फेट असलं की हे पिवळा साका देतं, तीच आपली परीक्षा). गॉगल घाला आणि अॅसिड पोरांच्या हाती देऊ नका.

पहिल्या नळीत ५ मिली कॅल्शियम, ५ मिली पाणी, २ मिली अमोनिया आणि शेवटी ५ मिली फॉस्फेट. लगेच पांढरा, पिठल्यासारखा साका दिसेल. अमोनिया विसरू नका. त्याच्याशिवाय बरंच फॉस्फेट द्रावणातच राहतं. दुसऱ्या नळीत ५ मिली कॅल्शियम आणि त्यावर आधी ५ मिली सोडियम कार्बोनेट. इथंही पांढराच साका, पण हा खडूचा, कॅल्शियम कार्बोनेटचा. आता ५ मिली फॉस्फेट घाला. दहा मिनिटं थांबा, दोन्ही गाळा.

या गाळण्यात माझी पहिल्या वर्षी फजिती झाली. परीक्षण केलं तर दोन्ही नळ्या पिवळ्या! पोरं माझ्याकडे बघताहेत, मी फळ्याकडे. लॅबमधल्या मामांनी पहिलं गाळण खिडकीशी धरलं आणि म्हणाले, "मॅडम, हे गढूळ आहे." खरंच होतं. साक्याचे बारीक कण साध्या फिल्टर पेपरमधून उतरले होते, पुढं अॅसिडमध्ये विरघळले आणि त्यांनीच रंग दिला. तेव्हापासून बारीक छिद्रांचा पेपर घेते आणि गाळण काचेसारखं स्वच्छ होईपर्यंत दोनदा, प्रसंगी तीनदा गाळते.

प्रत्येक गाळणातलं २ मिली वेगळ्या नळीत घ्या आणि नायट्रिक अॅसिड थेंबाथेंबानं घाला. दुसरी नळी जोरात फसफसेल. घाई केलीत तर द्रावण हातावर येईल. फसफस थांबली की आणखी चार थेंब, मग २ मिली मॉलिब्डेट, आणि नळी गरम पाण्यात धरा. उकळू नका. दुसऱ्या नळीत कण्हेरीच्या फुलासारखा पिवळा साका उतरतो. पहिली बहुतेक कोरी राहते, फार तर किंचित पिवळट झाक.

म्हणजे काय झालं? कार्बोनेटनं कॅल्शियमला आधीच गुंतवून टाकलं, फॉस्फेट मोकळं राहिलं. निसर्गातही हे घडतं. टोनर आणि कॅटलिंग या शास्त्रज्ञांनी २०२० साली कार्बोनेटनं भरलेल्या सोडा सरोवरांचा हाच तोडगा मांडला. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात लास्ट चान्स लेक नावाचं उथळ तळं आहे. तिथलं फॉस्फेट समुद्रापेक्षा हजारपटीहून जास्त. शनीच्या एन्सेलाडस चंद्रावरून उडालेल्या बर्फकणांतही कॅसिनी यानाच्या नोंदींवरून २०२३ साली फॉस्फेट सापडलं, आणि तिथल्याही पाण्यात कार्बोनेट भरपूर आहे.

इथं कोणीतरी हात वर करतंच: "मॅडम, मग लोणार?" लोणारही सोडा सरोवर, खाली बसाल्ट, पाणी बाहेर जायला वाट नाही. पण भूगर्भाच्या हिशेबात लोणार कालचं पोर. जीवसृष्टी तिथं जन्मली असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

आणखी वाटा आहेत, त्या तोंडी सांगते. उल्कांमधलं श्रायबरसाइट हे फॉस्फरसचं खनिज पाण्यात गंजून जास्त विरघळणारी फॉस्फरसची संयुगं देतं; विजेनं भाजलेल्या मातीतही ते सापडलंय. आणि फॉस्फेट नुसतं मोकळं असून भागत नाही, ते इतर रेणूंना जोडलं जायला हवं, त्यात पाण्याचाच अडथळा. लोरमन आणि ऑर्गेल यांनी १९७१ साली युरियाबरोबर तापवून तो ओलांडून दाखवला. हे आमच्या तासात बसत नाही.

उरलेलं मॉलिब्डेट बेसिनमध्ये ओतू नका, बाटलीत साठवा. पण आवरण्याआधी एक करा: पहिल्या फिल्टर पेपरवरच्या साक्यावर डायल्यूट नायट्रिक अॅसिडचे दहा थेंब टाका, खाली येईल ते नव्या नळीत धरा, मॉलिब्डेट घाला आणि गरम करा. पिवळं! मागच्या बाकावरचेही उठून पुढं येतात ते इथं.